लिंबाचं श्रेय अर्धंच

संपादक साहेब, नमस्कार. चिरलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबू पिळा असं पुरवणीत छापलंत आणि सगळं श्रेय व्हिटॅमिन सी ला देऊन मोकळे झालात, ते काही पटलं नाही बुवा. व्हिटॅमिन सी चं काम आहेच, पण लिंबातलं आम्लही तितकंच महत्त्वाचं. फोड काळी करणारं एन्झाइम म्हणजे पॉलिफेनॉल ऑक्सिडेज, त्यात तांब्याचे 2 अणू असतात आणि प्रत्येकाला 3 हिस्टिडिन (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी एक) धरून ठेवतात. पीएच फार खाली गेला, म्हणजे आम्लता फार वाढली, की हिस्टिडिनला प्रोटॉन चिकटतो, मग तांब्यावरची पकड सुटायला लागते आणि एन्झाइम थंडावतं.

हेच प्लास्टोसायनिन या दुसऱ्या तांबेवाल्या प्रोटीनमध्ये तर अगदी छान दिसतं. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन वाहून नेणारं हे छोटं प्रोटीन, ऑक्सिडाइज्ड (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेलं) असलं की चक्क निळं, इलेक्ट्रॉन मिळाला की रंग गायब! त्या बिनरंगाच्या रूपात आम्ल वाढलं की एक हिस्टिडिन तांब्यापासून सुटतो, पण पीएच परत वर नेला की पुन्हा जाऊन बसतो. उष्णतेचं तसं नाही हो, जास्त तापवलं की प्रोटीनची अख्खी घडीच उलगडते, आतली सिस्टीन (हेही एक अमिनो आम्लच) उघडी पडून ऑक्सिडाइज होऊ शकते, निळा रंग जातो तो बऱ्याचदा गार केल्यावरही येत नाही. म्हणून तर भाज्या फ्रीझ करायच्या आधी उकळत्या पाण्यात ब्लांच करतात, नुसत्या थंडीने एन्झाइम मरत नाही, फक्त सुस्तावतं.

पुढच्या वेळी तांब्याचं नाव तेवढं येऊ द्या.

– एक नेहमीचा वाचक