दादा, झाडाला खिळे ठोकू नको

ति. दादा,
सा. न. वि. वि.

तू फोनवर विचारलं होतंस की इथे झाडावर चढायच्या पायऱ्या मी घरीच कशा बनवतो, तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय. लांब होईल, पण पूर्ण वाच आणि बाबांनाही वाचून दाखव, खरं तर त्यांच्यासाठीच जास्त लिहितोय.

आधी थोडं इथलं सांगतो, म्हणजे आईची काळजी कमी होईल. इथे अमेरिकेत, मिशिगन राज्यात, हरणाचा बंदुकीचा सीझन दरवर्षी १५ ते ३० नोव्हेंबर, वार कुठलाही असो तारीख तीच, आणि धनुष्यबाणाचा सीझन १ ऑक्टोबरला सुरू होतो. मी धनुष्यवाला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ते बरोबरच आहे, पण इथे हरणं इतकी आहेत की दरवर्षी राज्यात ५० हजारांहून जास्त वेळा गाडी आणि हरणाची टक्कर होते, म्हणून सरकारच लायसन्स आणि टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) देऊन शिकार करू देतं, टॅग जेवढे तेवढीच हरणं. मांस घरी येतं, फ्रीझरमध्ये जातं, वाया काही जात नाही.

झाडावर बसायचं कारण तुला सांगायला नको, तू जागल केलेली आहेस. हरणाची नजर जमिनीच्या पातळीवर फिरते, वर क्वचित जाते, आणि माणसाचा वासही थोडा वरून निघून जातो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, वरून सोडलेला बाण किंवा गोळी खाली मातीत जाते, चुकली तरी लांब कुणाला लागत नाही. लोक साधारण १५ ते २० फुटांवर बसतात, त्याहून वर गेलं की कोन इतका तिरका होतो की नेम नीट बसत नाही आणि जनावर जखमी होऊन पळतं, ते मला अजिबात नको असतं. म्हणून मी १५ च्या पुढे जात नाही.

आता पायऱ्या. बाजारात तीन-चार तऱ्हा मिळतात. एक म्हणजे टोकाला स्क्रूसारखे आटे असलेली लोखंडी पायरी, ती खोडात पिळून बसवायची. दुसरी म्हणजे लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकायचे, ही जुनी पद्धत. तिसरी पट्ट्याने बांधायची, झाडात काहीच घुसवायचं नाही. इथे सरकारी जंगलात पहिल्या दोन्हींना मनाई आहे, स्क्रूवाल्या पायऱ्या सोबत बाळगल्या तरी गुन्हा, आणि वर बसायच्या स्टँडवर नाव-पत्ता वगैरे ओळख लिहावी लागते. खाजगी रानात मालकाची परवानगी असेल तर चालतं, पण मी ज्या शेतकरी आजोबांच्या रानात बसतो ते म्हणतात माझ्या झाडाला लोखंड नको, आणि त्यांचं कारण ऐकलं तर कुणालाही पटेल. त्यांच्या रानात एक मेपल आहे, त्यावर कुणीतरी फार पूर्वी फळ्या ठोकलेल्या होत्या, झाड जाड होत गेलं तसं खिळ्यांची डोकी आत गेली, फळी बाहेरून तशीच दिसते पण मागून कुजलेली आणि खिळा गंजून पातळ झालेला, पाय ठेवला की गेलीच. शिवाय आत राहिलेलं लोखंड नंतर झाड कापताना चेनसॉला लागलं तर चेन तुटून अंगावर येऊ शकते, सॉ मिलवाले तर असा ओंडका घेतच नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे ती ओकची. इथे ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे, ताज्या जखमेच्या वासावर बारीक भुंगे येतात आणि बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून १५ एप्रिल ते १५ जुलै ओकची फांदी छाटू नका असं सांगितलं जातं, आणि स्क्रू पिळणं म्हणजे पण जखमच की. रेड ओक जातीला हा रोग झाला तर झाड काही आठवड्यांत मरतं.

तर मी पट्ट्याची पायरी बनवतो. साहित्य अगदी साधं, आपल्या गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे सगळं मिळेल. वीतभर लांबीचा लोखंडी अँगल, म्हणजे व्ही आकाराची पट्टी, घ्यायचा, तो उभा झाडाला टेकतो, व्हीचा पोकळ भाग झाडाकडे, म्हणजे दोन्ही कडा सालीवर बसतात आणि पायरी डावी-उजवी फिरत नाही. त्याच्या खालच्या टोकाला बाहेरच्या बाजूने १२ मिमीच्या सळईच्या दोन कांड्या शेजारी-शेजारी, बूट नीट मावेल एवढ्या लांबीच्या, चारी बाजूंनी वेल्ड करायच्या, नुसते टाके मारून चालणार नाही. कांडीचं टोक वर वळवायचं, पाय बाहेर सरकला तर तिथे अडतो. वरच्या टोकाला पट्टा जाईल अशी खाच पाडायची आणि खाचेचे काठ कानशीने घासून गुळगुळीत करायचे, धारदार काठ पट्टा हळूहळू कापतो आणि बाहेरून कळत नाही.

पायऱ्या टिकतात त्या यावर, की पट्टा वर आणि पाय खाली. पायरीवर वजन आलं की अँगलचं खालचं टोक खोडात दाबलं जातं आणि वरचं टोक बाहेर ओढलं जातं, ते पट्टा धरून ठेवतो, म्हणजे जेवढं वजन जास्त तेवढी पायरी घट्ट. पट्टा खालच्या बाजूला बांधलास तर उलटं होईल, वरचं टोक सुटून पायरी खाली वाकेल. हे वेल्डिंगवाल्याला चित्र काढून दे.

पट्टा पॉलिएस्टरचा रॅचेटवाला, म्हणजे खटक्याने आवळायचा, घे, ट्रकवर माल बांधायचा असतो तसला. नायलॉन ओलं झालं की ताणतं, आणि स्वस्तातली प्लास्टिकची दोरी उन्हात कुजते. पट्ट्यावर दोन आकडे छापलेले असतात, तुटायचं वजन आणि वापरायचं वजन, वापरायचं म्हणजे तुटायच्या एक तृतीयांश, बघायचा तो हा छोटा आकडा. ज्यावर काहीच छापलेलं नाही तो घेऊ नको, दुकानदार काही सांगो.

बनवून झाली की लगेच वर चढायचं नाही. पहिली पायरी जमिनीपासून फूटभरावर बांधून त्यावर उभं राहायचं, जरा उड्या मारायच्या, मग आपल्यापेक्षा जास्त वजनाचं पोतं लटकवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वेल्डला चीर आहे का बघायचं. आवाज होऊ नये म्हणून मी कांड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे देतो, नाहीतर बूट लागला की थंडीत तो ठण् आवाज अख्ख्या रानात जातो. ट्यूबमुळे दव पडलं, बर्फ धरला तरी पाय कमी घसरतो, हा फायदा आवाजापेक्षा मोठा.

बांधताना एक डावीकडे एक उजवीकडे, मध्ये दीड फुटाच्या आत अंतर. उन्हाळ्यात जास्त अंतर सोपं वाटतं पण नोव्हेंबरात जाड बूट, जाड पँट, अंधार, गुडघा तेवढा वर येत नाही. शेवटची पायरी आणि हाताने धरायची जागा बसायच्या फळीच्या वर पाहिजे, म्हणजे माणूस फळीपेक्षा उंच जाऊन खाली पाऊल टाकतो. फळीवर खालून ओढून चढायचं नाही. इथे सेफ्टीवाले हेच परत परत सांगतात की लोक बसल्या जागी कमी पडतात, चढता-उतरताना आणि पायरीवरून फळीवर जाताना जास्त पडतात. चढताना दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, तीन जागा कायम धरलेल्या. धनुष्य, बॅग काही हातात घ्यायचं नाही, सगळं दोरीने मागून वर ओढायचं, आणि बंदूक असेल तर रिकामी करून.

पण दादा, मी पायऱ्या घरी बनवतो, हार्नेस नाही. तो विकतचाच. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस, झाडाच्या वरच्या भागाला बांधलेली आणि जमिनीपर्यंत येणारी एक लाईफलाईन, म्हणजे जीव सांभाळणारी दोरी, तिच्यावर प्रुसिक नावाची गाठ, ती हाताने वर-खाली सरकते पण झटका बसला की आवळते. जमिनीवर असतानाच हार्नेस त्या गाठीला अडकवायचा, खाली उतरून पाय मातीला लागल्यावरच सोडायचा. आणि पडलोच तर हार्नेसमध्ये नुसतं लटकत राहणं पण धोक्याचं असतं, पायातलं रक्त वर यायला त्रास होतो, म्हणून पाय टेकायला एक छोटा पट्टा खिशात ठेवायचा आणि पाय हलवत राहायचे. घरी कुणाला तरी माहीत पाहिजे कुठल्या झाडावर आहे आणि कधी परत येणार, मी रोज हिला मेसेज करून जातो.

झाड कुठलं निवडायचं हे पण बघ. इथे अॅशची झाडं दिसायला सरळ आणि छान, पण २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एमराल्ड अॅश बोरर नावाचा किडा पहिल्यांदा सापडला आणि त्यानंतर कोट्यवधी अॅश मेले. मेलेलं अॅश फार लवकर ठिसूळ होतं, कधी मोडेल सांगता येत नाही, त्याच्याखाली उभंही राहू नये. शॅगबार्क हिकरीची साल लांब पापुद्र्यांनी सुटते, पट्टा खोडाला नाही तर सालीलाच बसतो. म्हणून मी जिवंत, सरळ, दोन हातांच्या मिठीत येईल एवढ्या जाडीचं मेपल किंवा ओक घेतो. आणि सीझन संपला की सगळे पट्टे काढतो, बांधलेले ठेवले तर झाड वाढताना पट्टा सालीत रुततो आणि खारी, साळिंदर पट्टा कुरतडतात.

आता आपलं. वहिनीने पाठवलेल्या फोटोत धुऱ्यावरच्या मोहाला बाबांनी फळ्या ठोकलेल्या दिसतात. हरभरा फुलावर आला की डुकरं येणार, जागल लागणार, ते सगळं मला माहीत आहे, पण बाबा रात्री, एका हातात बॅटरी घेऊन त्या फळ्यांवर चढतात हे मला झोपू देत नाही. त्या फळ्या काढून टाक. जागलीच्या मचाणीला रोज जायचं असतं, आणि बाबांच्या वयाला माझ्या पायऱ्यांपेक्षा बांबूची दोन पायांची शिडी बरी, वरच्या टोकाला खोडाला दोन ठिकाणी आवळून आणि खाली पाय मातीत रोवून. तू स्वतः चढणार असशील तर पट्ट्याच्या बनव. बॅटरी डोक्याला लावायची आण. हार्नेस बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो, त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेला बघून घे, नुसता कमरेचा पट्टा देत असतील तर घेऊ नको, अंगभरचाच माग. पैसे मी पाठवतो, त्यावरून वाद घालू नको.

बाबा म्हणतील आम्ही जन्मभर असंच चढलो. तेव्हा तू बोलू नको, मला रविवारी व्हिडिओ कॉल लाव, मी बोलतो त्यांच्याशी. मोहाचा घेर छातीच्या उंचीला दोरीने मोजून ठेव, म्हणजे पट्टे किती लांबीचे लागतील ते तेव्हाच ठरवू.

आईला आणि बाबांना नमस्कार, वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा