तयार शौचालये : भिंतींआधी खड्डा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैयक्तिक शौचालयासाठी स्वच्छ भारत मिशनमधून १२,००० रुपये मिळतात. विटा, वाळू आणि गवंड्याची मजुरी धरता ही रक्कम पुरत नाही, म्हणून कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फळ्या जोडून झटपट उभी राहणारी तयार शौचालये गरीब वस्त्यांना सोयीची आहेत, आणि मी त्यांचा समर्थकच आहे.

मात्र पावसाळ्यानंतर शेजारच्या पाड्यावर जे पाहिले त्याने मन विषण्ण झाले. फळ्यांचे सांधे सुटलेले, पत्र्याचे दार बिजागरीतून निखळलेले आणि आत सरपणाच्या मोळ्या रचलेल्या. "खड्डा चार महिन्यांत भरला, मग काय करणार?" असे घरातल्या आजींनी विचारले. खड्डा आतून सिमेंटने लिंपल्यामुळे पाणी मुरायला वाटच उरली नव्हती.

यावर दोन शोषखड्ड्यांचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरू देणाऱ्या खड्ड्यांचा, उपाय जुना आणि खात्रीचा आहे. एक खड्डा भरला की दोन्ही खड्ड्यांना जोडणाऱ्या चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवायचा. पहिल्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, दुर्गंधी नसलेले खत होते आणि कोणा माणसाला मैल्यात उतरावे लागत नाही. कोकणात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी आणि देहूला डॉ. मापुसकरांनी ज्या तळमळीने शौचालयांचे काम केले, ती तळमळ आज खरेदीच्या निविदांत दिसायला हवी.

उत्पादकांनी फळ्यांबरोबर शोषखड्ड्यांच्या आत बसवायची, छिद्रे असलेली काँक्रीटची गोल कडीही द्यावीत आणि ग्रामपंचायतीने दोन्ही खड्डे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अंतिम देयक मंजूर करू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, जि. पालघर