मनगटातल्या सुया आणि हातचा वेळ

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मनगटातली नस चेपली जाऊन बोटांना मुंग्या येण्याच्या दुखण्यावर, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमवर, अ‍ॅक्युपंक्चर हा शस्त्रक्रिया टाळण्याचा हमखास उपाय असल्याचे सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. याच दुखण्यासाठी मी दहा वेळा सुया टोचून घेतल्या आहेत, म्हणून हे पत्र.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे आणि जाड अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ स्नायुरज्जूंच्या दाटीतून मीडियन नावाची नस तळहातात उतरते आणि बोगद्यातला दाब वाढला की तीच चेपली जाते. करंगळी बहुधा मुंग्यांतून सुटते, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. झोपेत मनगट दुमडले की दाब आणखी वाढतो, म्हणून मुंग्यांनी जाग येते आणि माणूस अंधारात हात झटकत बसतो. माझे असे कित्येक महिने चालले होते.

दहाव्या बैठकीपर्यंत मुंग्या जवळजवळ थांबल्या, तेव्हा उपचार करणाऱ्यांना आणि मला सारखाच आनंद झाला. पुढे एके दिवशी शिवताना मधल्या बोटात सुई घुसली, पण कापडावर रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत मला ते कळलेच नाही. नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी तपासणी केल्यावर उलगडा झाला, की मुंग्या थांबल्या होत्या त्या बोटांची संवेदनाच मंदावल्यामुळे. सुयांनी नस बिघडवली असे मी म्हणत नाही. माझ्या बाबतीत तपासणी आधी व्हायला हवी होती, ती शेवटी झाली.

अ‍ॅक्युपंक्चर निव्वळ थोतांड आहे, असेही माझे मत नाही. 2017 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, 80 रुग्णांवरील अमेरिकन अभ्यासात आठ आठवड्यांत सोळा वेळा सुयांतून सौम्य वीजप्रवाह दिल्यावर नसेतील संदेशवहन काहीसे सुधारल्याचे आढळले. गंमत अशी, की नकली सुया लावलेल्या गटाचा त्रासही कमी झाला होता. 2018 साली वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने बारा अभ्यासांतील 869 रुग्णांच्या माहितीचा आढावा घेतला, तेव्हा नकली उपचाराच्या तुलनेत अल्प मुदतीत फारसा फरक पडत नसावा असा निष्कर्ष निघाला, आणि तोही कच्च्या पुराव्यावर बेतलेला. एवढ्या भांडवलावर ‘हमखास’ हा शब्द छापणे मला धाडसाचे वाटते.

मनगट सरळ ठेवणारी रात्रीची पट्टी आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन यांचा लेखात उल्लेखही नाही. थायरॉइड, मधुमेह आणि गरोदरपण ही या दुखण्यामागची नेहमीची कारणेही त्यात आलेली नाहीत. निदान पुढील अंकात एवढे तरी छापावे, की बोटे दिवसाही सतत बधिर राहत असतील, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल, तर सुयांच्या पुढच्या बैठकीची वाट न पाहता आधी नसेची तपासणी करून घ्यावी.

आपली,
एक नियमित वाचक