पेनने की पेन्सिलने

तीर्थरूप नाना आणि आई,
साष्टांग नमस्कार.

नाना, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू तिथे ठरवते काय नेमकं?" तेव्हा मी मीटिंगला पळाले. आज निवांत लिहितेय.

आमचं ॲप शेतकऱ्यांच्या हिशोबाचं. त्यात आधी काय विचारायचं, कुठे काय दिसायचं, काय विचारायचंच नाही, हे ठरवणं माझं काम. आई, तू कॅलेंडरवर मजुरांची हजेरी पेनने लिहितेस आणि उचल पेन्सिलने, कारण उचल फिटली की खोडायची असते. मीही तसंच करते. बटणाचा रंग, 'आवक' लिहायचं की 'जमा', हे पेन्सिलचे निर्णय. त्यावर अर्ध्या तासाच्या वर कुणाला बोलू देत नाही. चुकलं तर संध्याकाळी बदलता येतं. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या 2015 सालच्या पत्रात हाच फरक दारांच्या उपमेने सांगितलाय: काही दारांतून परत येता येतं, काहींतून नाही.

पेनचा निर्णय गेल्या महिन्यात आला. कंपनी ज्यांनी काढली त्या साहेबांचं म्हणणं, पहिल्याच पानावर सातबारा आणि आधार मागू. कर्ज देणाऱ्यांना ती माहिती हवी असते, त्यातून आम्हाला पैसा मिळाला असता. हाताशी आहे तो पैसा दिवाळीपर्यंतच पुरेल, त्यामुळे त्यांची घाई मला कळत होती. पण 'हे लोक कागद मागतात' असं एकदा गावात झालं की ते पुसता येत नाही.

मी वाद घातला नाही. कागदावर ॲपची पानं काढली आणि चोपडा तालुक्याकडे पाच शेतकऱ्यांना जाऊन भेटले. (घरी यायला जमलं नाही, त्याची रुखरुख आहे.) पाचच का? ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलं, की पाच जणांना वापरायला दिलं तरी सुमारे 85 टक्के अडचणी दिसतात. तिसरे काका केळीच्या कटाईवरून आलेले, चिकाने बोटं काळी पडलेली. खर्चाचं पान त्यांनी भराभर भरलं. सातबाऱ्याचं पान आलं तसा तो कागद उलटा करून खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "चहा घे, ताई." नाही असं म्हणालेच नाहीत.

परत येऊन एक पान लिहिलं: काय पाहिलं, न मागितल्याने काय गमावू, पुन्हा विचार कधी करू. साहेबांनी ते दोनदा वाचलं. सातबारा काढला, आधारही. पैशाचा प्रश्न आहे तिथेच आहे आणि मला त्याची काळजी वाटते, तुमच्यापासून लपवत नाही.

नाना, केळीची मृगबाग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायची की थांबून पावसाळ्याच्या शेवटी कांदेबाग, यावर तुम्ही आणि आई चार-चार रात्री ओट्यावर बोलत बसायचात. एकदा लावली की वर्षभर शेत अडकणार. ठिबकचं पाणी किती वेळ सोडायचं ते मात्र बांधावर उभ्या-उभ्या ठरायचं. मी पक्की नोकरी सोडली तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "विचार केला ना?" केला होता नाना, त्या ओट्यावरच्या रात्रींसारखाच.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येतेय. नवी पानं सोबत आणते. आई, दुपारी कामं उरकली की तू ती भर. मी शेजारी बसून बघेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुमची,
लेक