पंचांग उघडायला लावणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुम्हाला जाहीर कौतुक चालत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. वाचनालयात रोज येणाऱ्यांना कळायचं ते कळेलच.

लघुप्रबंधाचा विषय घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा मी मोठ्या थाटात सांगितलं होतं, नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहायचाय. तुम्ही चष्मा काढून विचारलंत, "बाई, हा विषय झाला. प्रश्न कुठाय?" खरं सांगते, तेव्हा तुमचा रागच आला होता. 2 मार्च 1930 ला सुरू झालेला सत्याग्रह, बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांनी उभी केलेली माणसं, मंदिराचे बंद दरवाजे, पुढे 13 ऑक्टोबर 1935 ची, हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा. पंचवटीतल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला एवढं ठाऊक असतंच. नवीन काय शोधणार?

मग तुम्ही बाबासाहेबांच्या चरित्रातल्या एका वाक्यावर बोट ठेवलंत. दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या, इतकंच त्यात आहे. "या पंचवीस जणी कुठल्या? घरी पोरं कुणाकडे ठेवून आल्या?" तिथून माझं काम सुरू झालं. नाहीतर मीही सगळ्यांसारखाच सगळा इतिहास पुन्हा एकदा लिहून मोकळी झाले असते.

कागद शोधण्याआधी कागद का नाहीत ते शोधा, हे तुमचं सांगणं मला आधी कोड्यासारखं वाटलं. तुम्ही दोन तारखा शेजारी शेजारी लिहिल्यात. 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर 1929 मध्ये बंद पडलं आणि 'जनता' निघालं 24 नोव्हेंबर 1930 ला. म्हणजे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा बाबासाहेबांच्या हाती स्वतःचं वृत्तपत्रच नव्हतं. त्या महिन्यांचा रोजचा मजकूर मिळणार तो इतरांच्या वर्तमानपत्रांतून आणि सरकारी दप्तरातून. पोलीस लिहितो बंदोबस्तासाठी, त्याला पुढारी कोण आणि जमाव किती एवढंच हवं असतं. बायका त्याच्या लेखी आकड्यापुरत्या. हे आधी समजलं, म्हणून मुंबईला काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायली उलगडताना मी हिरमुसले नाही. आणि बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिलेली पत्रं वाचताना 'कुणाला लिहिलंय' हा प्रश्न आपोआप डोक्यात आला. सभेतलं भाषण वेगळं आणि आपल्या कार्यकर्त्याला, सत्याग्रह आता थांबवा म्हणून 1934 च्या मार्चमध्ये लिहिलेलं पत्र वेगळं.

टिपणाची तुमची शिस्त मात्र फार जाचक! एका कार्डावर एकच गोष्ट. आधी फाइल क्रमांक, वर्ष, पान आणि मगच मजकूर. कागदातले शब्द निळ्या शाईत, माझं मत पेन्सिलीनं. मोबाइलवर फोटो काढून सुटका होते असं मला वाटायचं, पण दोनशे फोटोंत कुठलं पान कुठल्या फायलीचं हे शोधत बसण्यापेक्षा कार्ड बरं. (फोटोही काढतेच, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.)

सगळ्यात जास्त आभार त्या आजींच्या मुलाखतीबद्दल. त्यांच्या सासूबाई सत्याग्रहात होत्या. आजी अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगत होत्या, आणि त्यांचा जन्म 1930 नंतरचा. तुम्ही आधीच बजावलं होतं, वय काढून माणसाला गप्प करू नका, हे तुम्हाला कुणी सांगितलं एवढंच विचारा. विचारलं. "सासूनं, दुसरं कोण? पाट्यावर वाटण वाटताना सांगायची," आजी म्हणाल्या. टिपणात तसंच उतरवलं. कोणी, कुणाला, कुठल्या कामात असताना सांगितलं, सगळं.

त्याच आजी म्हणाल्या, दगड पडले ते रथाच्या एकादशीला. मी वाचलेल्या काही लेखांत मात्र 9 एप्रिल 1930, रामनवमी, असं छापलेलं. तुम्ही हसून म्हणालात, "आपल्याकडे रथ नवमीला कधीपासून निघायला लागला?" खरंच की! राम आणि गरुड, दोन्ही रथ कामदा एकादशीला ओढतात हे नाशकातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तुम्ही आजींवरही विसंबला नाहीत आणि स्वतःच्या आठवणीवरही नाही. घरच्या माळ्यावरून शके 1852 चं पंचांग खाली आलं. पानं पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. चैत्र शुद्ध एकादशीसमोर इंग्रजी तारीख 9 एप्रिल, रामनवमी दोन दिवस आधी. सत्याग्रही आणि सनातनी, दोन्ही बाजूंनी मिळून रथ ओढायचा ठरलं होतं, ते मोडलं आणि दगडफेक झाली, तो दिवस छापील लेखांपेक्षा पाट्यावरच्या गोष्टीत बरोबर राहिला होता. माझं तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे.

पंचवीस जणींपैकी ज्यांच्या घरापर्यंत पोचता आलं, त्यांची नावं घरच्यांच्या परवानगीनं परिशिष्टात दिली आहेत. बाकीच्या ओळी, तुम्ही म्हणालात तशा, कोऱ्या सोडल्यात, अंदाजानं भरल्या नाहीत.

प्रबंधाची प्रत पुढच्या आठवड्यात घेऊन येते. दुसऱ्या प्रकरणात तुम्ही लाल पेन्सिलीनं खोडलेला परिच्छेद मी तसाच ठेवलाय आणि त्याला माझ्याकडे दोन पुरावे आहेत. वाद घालायला तयार राहा. चहा माझ्याकडून.

आपली,
पंचवटीतली बाई
नाशिक