आबांचं चांगभलं

कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

आम्ही बरे. आईचे गुडघे तसेच आहेत. आबांचं मात्र फोनवर सांगवेना, म्हणून लिहितोय. ज्योतिबाच्या यात्रेत त्यांच्या उंच सासनकाठीच्या दोऱ्या तू धरल्यायस, तुला कळंल.

नोव्हेंबरात, किरणोत्सवाच्या दिवसांत, त्यांना अर्धांगाचा झटका आला. साडेचार तासांच्या आत पोचलो, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं सगळं. तहान लागली की तांब्याकडं बघत बसतात, ओठ हलतात, शब्द येत नाही.

गेल्या रविवारी आत्या डोंगरावरनं गुलाल घेऊन आली. त्यांच्या कपाळाला लावला आणि सवयीनं म्हणाली, "ज्योतिबाच्या नावानं..." आणि आबा खणखणीत बोलले, "चांगभलं!" अरे, शेजारची माणसं धावत आली. आईनं पदर सावरत विचारलं, "आता माझं नाव घ्या बघू." आबांचा जबडा थरथरला, मान ताठ झाली आणि पुन्हा तेच आलं, "चांगभलं". मग लहान पोरागत रडले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं. शब्द जुळवायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, आबांचा घाव तिथंच आहे. पण आरती, गाणं, आकडे, अगदी शिव्यासुद्धा, जन्मभर तोंडात बसलेलं दुसऱ्या वाटेनं बाहेर पडतं. आता तू म्हणशील, "देव डोक्यातच असतो, मी सांगत नव्हतो?" रंकाळ्यावर यावरनंच भेळ टाकून उठला होतास, पैसे अजून येणं आहेत! मला बाईंचंही पटतं आणि देवही सुटत नाही. माझं भांडण वेगळंच आहे. त्यानं आपलं नाव आबांच्या तोंडात ठेवलं, मग आईचं का नेलं? शुक्रवारी पालखीला गेलो, तर अंबाबाईपुढं हेच बोललो. "बरं कर" म्हणायला तोंडच उघडेना. एवढंच मागितलं, की त्यांना आईला एकदा हाक मारू दे. असं मागावं का रे? की फार थोडं मागितलं?

आत्या म्हणती गोळ्या बंद करा, अंगारा पुरे. तिला सांगितलं, अंगारा रोज लाव, पण रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवस चुकणार नाही. रागावून गेलीय. येईल.

बाई आता "पाणी द्या" हे चालीवर म्हणून घेतात, आबांच्या डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून. काल "पा" आला. आई दिवसभर तांब्या भरून उशाशी बसली होती.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

रविवारी सकाळी फोन कर, आबांच्या कानाला लावतो. ते तुला "काय पैलवान" म्हणायचे ना, तशीच हाक तू त्यांना मार. पलीकडनं काही आलं नाही तरी ठेवू नकोस, बोलत राहा.

तुझा,
भाऊ