शंभर वर्षांनी तरी जनगणनेच्या नोंदी उघडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जनगणनेच्या बातम्या रोज येतायत, १ मार्च २०२७ ही तारीख धरून मोजणी होणार, सगळं मोबाईलवर भरणार, १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारणार, त्यावर चर्चा चालू आहे ती चालू दे. पण ही एवढी माहिती भरून दिल्यावर घराघराची नोंद पुढं कुणाला कधी बघायला मिळते का, हे कुणी विचारत नाहीय, आणि आमच्यासारख्या सीमेवरच्या घरांना तोच प्रश्न मोठा आहे म्हणून हे पत्र.

आमचं घर गोव्यात पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदीच्या अल्याड. पणजोबा पल्याडहून, आरोंद्याच्या बाजूनं आले असं घरात सांगत आलेत. पल्याड आता महाराष्ट्र, तेव्हा सावंतवाडी संस्थान, आणि आमचं पेडणेसुद्धा १७८८ पर्यंत त्याच सावंतवाडीकर भोसल्यांचं होतं, मग ते पोर्तुगीजांकडे गेलं आणि नदीची हद्द झाली. देव तेच, सातेरी रवळनाथ, सोयरिकी या काठावरून त्या काठावर, किरणपाणीला होडीत बसलं की आरोंदा, फक्त सरकारं दोन. गेल्या वर्षी जत्रेत पल्याडचे एक म्हातारे गृहस्थ भेटले, मला नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, आणि म्हणाले, "अरे मग तुमचं आमचं सुतक होतं की!" त्या एका वाक्यानं मी कामाला लागलो.

पहिला विचार डोक्यात आला तो जनगणनेचा. दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन माणसं लिहितात, मग पणजोबा कुठंतरी लिहिलेले असणारच, असं मला वाटलं. शोधल्यावर कळलं की आपल्याकडे तसं काही बघायलाच मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे, त्यानुसार या नोंदी बघायचा हक्क कुणालाही नाही आणि त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोकांच्या हाती येतात ते फक्त आकडे. १९५१ च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत (सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ ला झाला, तोवर सगळं रत्नागिरीतच) गाववार घरं किती, माणसं किती, पुरुष किती, बायका किती एवढं मिळतं. त्या आकड्यात आमचे लोक आहेत हे नक्की, पण ते कोण हे कळायला वाट नाही.

त्यात आणखी एक गुंता असा की दोन सरकारांची मोजणीची वर्षंही सारखी नव्हती. गोव्यात पोर्तुगीजांनी १९००, १९१०, १९४०, १९५० आणि १९६० ला माणसं मोजली, पलीकडे १९०१, १९११, १९४१, १९५१, १९६१. मधे फक्त १९२१ आणि १९३१ जुळतात. आता जो माणूस भातकापणीला इकडे आणि बाकीचे महिने तिकडे, तो एकदा मोजला, दोनदा मोजला की मुळीच मोजला नाही, सांगा. गोव्यात भारताची पहिली जनगणना १९७१ ची, तोवर माझे पणजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

मग मी जन्माच्या नोंदींकडे वळलो. पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी आपल्याकडे चांगली आहे हे मान्यच करायला हवं, ती पुस्तकं टिकलीत म्हणून तर आज लोक १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचे आजोबांचे दाखले काढून नागरिकत्वासाठी पोर्तुगालला नोंदणी करतायत. पण तिथंही नाव सरळ सापडत नाही. एका कार्यालयात काउंटरवरच्या मुलानं आमचं आडनाव 'परब' शोधलं आणि नाही म्हणून सांगितलं, मी तीन खेपा घातल्या, शेवटी एका जाणत्या कर्मचाऱ्यानं पुस्तकच समोर आणून ठेवलं. तपकिरी पडलेली शाई, तिरकं अक्षर, कडेला वाळवीनं खाल्लेलं, आणि त्यात आमचे आजोबा होते 'पांडुरोंगा', बापाचं नाव रामा, आडनाव 'पोरोबो'. प्रभूचंही पोरोबो होतं आणि परबाचंही पोरोबोच. शेणव्याचं सिनाय, कामताचं कामोतीं, भटाचं बोतो, असं लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आलं ते कागदावर उतरलं. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो, कारण आजोबांचं बाळपणातलं नाव मी पहिल्यांदा लिहिलेलं बघत होतो.

म्हणजे एकाच घराची तीन नावं झाली. पोर्तुगीज कागदावर पोरोबो, पल्याडच्या मोडी कागदात परब, आणि गावात शेजारी हाक मारायचे ती आरोंदेकर म्हणून. तिन्ही एकच हे सांगणारा कागद कुठंच नाही, ते सांगते फक्त माझी आत्या. ती आता ८७ वर्षांची आहे, पण कुणाचं सुतक दहा दिवस, कुणाचं तीन, कुणाची नुसती आंघोळ, हे तिला खांदीवार, म्हणजे घराण्याच्या शाखेशाखेनं, पाठ आहे. तिनंच सांगितलं की १९५५ मधे सत्याग्रहानंतर हद्द बंद झाली, पत्रादेवीला गोळीबार झाला त्याच वर्षी, आणि पल्याडचा निरोप येईना की इकडचा जाईना. आजोबांचे चुलत भाऊ तिकडे वारले ते इकडे कळलं गोवा मुक्त झाल्यावर. तेव्हा आजोबा डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या धोतरानं अंगणात तुळशीपाशी बसून रडले, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. कितीतरी वर्षांनी आलेलं ते सुतक कुठल्या सरकारी वहीत नाही.

म्हणून माझं मागणं आहे. माहिती गुप्त ठेवायची हे मला पूर्ण पटतं, तशी खात्री असल्याशिवाय लोक खरं सांगणार नाहीत, आणि या वेळी जात विचारणार म्हटल्यावर तर ती खात्री हवीच. पण गुप्त म्हणजे किती काळ? इंग्लंडात शंभर वर्षांनी घरनिहाय नोंदी उघडतात, त्यांची १९२१ ची जनगणना २०२२ ला लोकांना बघायला मिळाली. अमेरिकेत ७२ वर्षांनी उघडतात, तिथं १९५० ची २०२२ लाच खुली झाली. आपण कायद्यात दुरुस्ती करून २०२७ च्या नोंदी जपून ठेवायच्या आणि २१२७ ला उघडायच्या असं ठरवलं तर कुणाचं काय जाणार? या वेळी तर सगळं डिजिटलच आहे, कागदाचे गठ्ठे ठेवायला जागा नाही ही सबबही उरली नाही. हे आत्ताच ठरवलं पाहिजे.

दुसरं, ते आपल्या हातातलं आहे. पणजीचं पुराभिलेख खातं १५९५ पासूनची परंपरा सांगतं, गावकरीचे (गावच्या सामाईक जमिनी बघणाऱ्या संस्थेचे) कागद, मोडी दप्तरं तिथं आहेत, देवस्थानांकडे महाजनांच्या (देवळाच्या मानाच्या सभासदांच्या) याद्या आहेत, पल्याड सिंधुदुर्गात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणारे बसवून केवढी दप्तरं तपासली, स्कॅन केली, म्हणजे मनावर घेतलं तर होतं. गोवा आणि महाराष्ट्र दोघांनी मिळून निदान पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पल्याड सावंतवाडी, दोडामार्ग एवढ्या तालुक्यांपुरती नावांची एक सूची करावी, ज्यात पोरोबो शोधलं तर परबही निघेल आणि प्रभूही. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारी माणसं थोडी आहेत आणि त्यांची वयं बघता हे काम पुढच्या दहा वर्षांवर ढकलू नका, ही सरकारला कळकळीची विनंती.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. दर रविवारी आत्याकडे जातो, मोबाईल रेकॉर्डिंगला लावतो आणि ती एकेक खांद सांगते, आतापर्यंत चार झाल्यात. पाचवी आरोंद्याची, त्यासाठी जत्रेतल्या त्या गृहस्थांना घेऊन ये म्हणून तिनं सांगितलंय, येत्या रविवारी त्यांना किरणपाणीच्या पुलावरून घेऊन जाणार आहे.

आपला एक वाचक,
पेडणे, गोवा